सुपातून उडालेला माळ

माळ पडीक नसतो. हे वाक्य मी इतक्या पत्रकांवर छापून घेतलंय की आमचा छपाईवाला आता मजकूर मागतही नाही. मी दारात दिसले की वरच्या मोठ्या अक्षरांतली ओळ त्यानं आधीच टाकून ठेवलेली असते. तरीही सोलापुरात कुणालाही "मी माळावर काम करते" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "वा! किती झाडं लावली?" एकही नाही, म्हटलं की समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आचारी म्हणवते आणि चूल पेटवत नाही, असं काहीतरी मी बोलले असावे.

या अंकाच्या संपादकांनी बजावलंय, "कामाबद्दल लिहा, पण पत्रकासारखं लिहू नका." बघते. मध्ये कुठं आवाज चढला तर चालवून घ्या. वय लहान आहे आणि सवय वाईट आहे.

वणव्यात जळालेले माळ पुन्हा उभे करायचे, हे माझं काम. वणवा म्हटलं की लोकांना उंच झाडं, डोंगर, आभाळाला भिडलेल्या ज्वाळा आठवतात. आमचा वणवा गुडघ्याएवढा असतो. वाळलेलं गवत, भुरभुर वारा आणि एक ठिणगी. चहा पिऊन होईतो अख्खा माळ काळा. धूर ओसरला की गावात कुणीतरी म्हणतंच, "गवतच हुतं की, जळंना का." त्या गवतात घरटी करणारे चंडोल, बिळातली खोकडं, अंड्यांवर बसलेली धाविक, यांना मत नसतं. म्हणून त्यांची बाजू मी मांडते. मोठ्यानं.

ठिणगी येते कुठून? कधी बांध पेटवताना हाताबाहेर जाते. कधी जाळल्यावर गवत जोमानं फुटतं या समजुतीनं मुद्दाम लावतात. एखाद्या वर्षी खरंच फुटतं, कारण खाली मुळं जिवंत असतात. सालोसाल जाळलं की मुळंही थकतात. मग उरतो मुरूम, त्यावर कुसळ, आणि "बघा, पडीकच आहे" म्हणणारी माणसं.

आणि तिसरी ठिणगी आपली. सुशिक्षितांची. हुरड्याची.

होटगीच्या पुढं एक गाव आहे. नाव सांगत नाही, सरपंचांची तशी अट आहे. तिथल्या माळाला लागून एका शेतात दरवर्षी शहरातली मंडळी हुरडा खायला येतात. खड्ड्यात गोवऱ्या पेटवून आगटी करायची, कणसं भाजायची, गरम गरम चोळून गूळ, शेंगाचटणी, दही. मलाही आवडतो हुरडा, मी काही साधू नाही. पण खाऊन झाल्यावर आगटीत दोन घागरी पाणी ओतायला काय होतं? गेल्या जानेवारीत पाहुण्यांनी गाणी म्हटली, ढेकर दिले, गाड्या काढल्या. दुपारनंतर वारा सुटला. आगटीतली राख आधी भुरभुरली, मग तिच्याखालचा निखारा निघाला आणि गावाचं गायरान जळालं. आधी सलग तीन उन्हाळे जळालेलं होतंच, त्यावर हे.

त्यांच्यातल्या एका गृहस्थाला मी गाठलं. तो म्हणाला, "ताई, आम्ही वरून माती टाकली होती."

"किती?"

"चपलेनं लोटली थोडी."

या उत्तरावर मी एक अख्खं पत्रक लिहिलं. ते इथं देत नाही. संपादकांना शब्द दिलाय.

आमची संस्था म्हणजे एक खोली, एक टेबल आणि मी. जळालेल्या माळावर रविवारी कामाला या, असं आवाहन केलं तेव्हा कॉलेजची पोरं गाडी भरून आली. काळ्या माळावर हात पसरून फोटो काढले आणि पुढच्या रविवारी आली नाहीत. टिकली ती तीन माणसं. तिघंही निवृत्त.

तात्या रेल्वेतून निवृत्त झालेले. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचे मुकादम होते. पहिल्या दिवशी आम्ही गप्पा मारत माळ चढायला लागलो तर मागून शिट्टी वाजली. "पोरी, गँग हाय ही. वरात न्हाय. एका मागं एक चाला."

नरसय्यामामा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. जन्मभर मागाच्या खडखडाटात गेल्यामुळं मामा हळू बोलूच शकत नाहीत. गुपितसुद्धा ओरडून सांगतात.

आणि हेडबाई. मूळच्या बार्शीच्या, तिथल्याच एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतर मुलाकडं सोलापुरात आलेल्या. वडील बार्शीच्या बाजारात धान्याचे व्यापारी, त्यामुळं मूठभर ज्वारी हातात घेऊन कुठल्या शिवारातली ते सांगतील. केर, खडा आणि उशीर या तीन गोष्टी त्यांना सहन होत नाहीत. मी उशीर करते म्हणून मला पहिले काही आठवडे त्यांनी उभं ठेवून काम सांगितलं. त्यांना काम सांगणारी मी आहे, याची आठवण मला उशिरा झाली.

निवृत्त माणूस वेळ घालवायला येतो, असं मी समजत होते. साफ चूक. तो ड्यूटीवर येतो. जळालेल्या माळावर पहिलं काम असतं काहीही न करणं. राख उडू द्यायची नाही, गाड्या फिरवायच्या नाहीत, गुरं-मेंढरं सोडायची नाहीत. हे मी समजावून सांगितलं तर तात्या चिडले. "काय न करायला मला सोलापुरातनं बोलावलंस व्हय?" मग शोधून काढलेलं दुसरं काम दिलं. उताराला आडव्या दगडांच्या ओळी रचायच्या. वीतभर उंचीच्या, बस्स. पहिला पाऊस पडला की राख आणि वरची माती वाहून जाते, ती या दगडांना अडते. तात्यांनी दगडाच्या ओळी अशा रचल्या की त्यावरून एक्स्प्रेस जावी. डोळा बारीक करून, जमिनीवर गाल टेकून बघायचे. एखादा दगड बोटभर पुढं आला तर नरसय्यामामांना हाक.

"मामा, तुमचा दगड बाहीर आलाय."

"अरे तो काय रूळ हाय काय? मेंढी घसरणार हाय काय त्यावरून?"

"घसरली तर इन्क्वायरी माझ्यावर बसंल."

पण मेंढी होती कुठं? खरी गोष्ट तिथंच आहे.

माळाच्या डोक्यावर एक मोठा सपाट खडक आहे. त्याच्या आडोशाला बिराप्पा धनगराचा वाडा. वाडा म्हणजे बोरी-बाभळीच्या काट्यांचं मेंढरांसाठी केलेलं कुंपण, शेजारी एक खोपट. बिराप्पा आणि यल्लव्वा उभं आयुष्य मेंढरांच्या मागं चालले. सहा महिने गावात, सहा महिने परमुलखात. गुडघे गेले तेव्हा कळप अर्धा केला आणि गावच्या माळावरच बसले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा यल्लव्वानं कानडीत "बर्री, बर्री", या या, करत पोतं अंथरलं होतं आणि बिराप्पा म्हणाला होता, "आता रिटायर झालो, पोरी. आता दिसभर चालायचं न्हाय. बसून मेंढरं बघायची." पेन्शन नाही, निरोपसमारंभ नाही, तरी माझ्या ओळखीतला सगळ्यात समाधानी निवृत्त माणूस तोच.

माळ जळाला आणि महिन्याभरात गावात झाडांची योजना आली. कुणीतरी देणगीदार, रोपं फुकट, खड्डे काढायला मशीन फुकट, भोवती तारेचं कुंपण फुकट. ग्रामसभेत मी उभी राहिले. या मुरमात वीतभर माती आहे, झाडं टँकरवर जगतील आणि टँकर थांबला की मरतील, हे सांगितलं. माळावर राहणाऱ्या पाखरांना मोकळं रान लागतं, तेही सांगितलं. सरपंचांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही.

"मॅडम, ते लोक सगळं फुकट देत्यात. तुमी काय देताय?"

"काही नाही. मी थांबायला सांगतेय. एक पावसाळा."

सभा हसली. मागून बिराप्पा उठला. "तार मारल्यावर माझी मेंढरं कुटं जात्याल, सरपंच?"

"तुजी मेंढरंच खात्यात की उगवलेलं समदं," कुणीतरी बसल्या जागेवरून म्हणालं.

मला संताप आला, पण बिराप्पा शांत होता. काठी दोन्ही हातांत धरून म्हणाला, "खात्यात. मग मी कळप घेऊन जातो. माळशिरसकडं ऊस निघाल्यावर रानात मेंढरं बसवायला बोलावत्यात लोक, खतासाठी. दिवाळीपतोर जातो. तवर ह्या पोरीला गवत आणू द्या. दिवाळीला गवत दिसलं तर माळ मेंढरांचा. न्हाय दिसलं तर घाला तुमची तार. मी वाडा मोडून नेतो, परत येत न्हाय."

ठराव झाला. माझ्या एका वाक्यावर एक म्हातारा माणूस थकलेल्या गुडघ्यांनी पुन्हा चालायला निघाला, हे घरी येताना एसटीत बसल्यावर लक्षात आलं. पत्रकात माणसं मावत नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

निघायच्या दिवशी यल्लव्वानं वाड्याच्या तोंडावर काट्याची फांदी लावली. मग खोपटातलं सूप काढून हेडबाईंच्या हातात दिलं. वेताचं, कडा चामड्यानं शिवलेल्या. "वाटंनं मोडंल, बाई. तुमी ठिवा. आल्यावर घेती." हेडबाईंनी ते सरस्वतीच्या पाटीसारखं छातीशी धरलं.

आता हवं होतं बी. जळालेल्या माळावर चांगल्या गवताचं बी उरत नाही, ते बाहेरून गोळा करावं लागतं. तात्या म्हणाले, रेल्वे लाइनच्या कुंपणाशी चला, तिथं कुणी चारत नाही. खरंच मारवेल आणि पवन्या, माळावरची चाऱ्याची अस्सल गवतं, कमरेएवढी उभी होती. बरंच बी गळून गेलेलं, तरी उशिराच्या काड्यांवर होतं. नरसय्यामामांनी कारखान्यातल्या टॉवेलच्या चिंध्या शिवून पिशव्या केल्या, त्या गळ्यात अडकवून आम्ही बोटांनी बी ओरबाडत चाललो. गाडी गेली की तात्या काम थांबवून ती शेवटच्या डब्यापर्यंत नजरेनं पोचवायचे. कुसळं पातळांत, मोज्यांत, मामांच्या मिशीत. चार रविवार खपलो तेव्हा पिशव्या भरल्या. पुढं गवत संपलं. लाइनवाल्यांनी उरलेलं कापून नेलं.

पाचव्या रविवारी मला पंढरपूर रस्त्यावरच्या एका गावात सभेला जावं लागलं. "बी वाड्यात नेऊन ठेवा, पुढच्या वेळी पेरू," असं सांगून मी गेले. सोमवारी संध्याकाळी हेडबाई स्वतः आमच्या खोलीवर आल्या. हातात लोणच्याची एक चिनी मातीची बरणी. चेहऱ्यावर वार्षिक तपासणी छान पार पडल्याचा आनंद.

"तुला दाखवल्याशिवाय राहवेना. काय केर होता गं त्याच्यात! असं कुणी पेरतं का? खडकावर उभी राहिले, यल्लव्वाच्या सुपानं सगळं वाऱ्यावर उपणून काढलं. खाली पडलेलं पुन्हा पाखडलं. तात्या नि मामा पिशव्या देत होते. बघ, कसं लख्ख बी निघालंय!"

बरणीत चिमटीत धरवेल असं, बारीक, काळं, चकचकीत बी होतं. थोडी रेती. मी बरणी उजेडात धरून पुन्हा पाहिली.

आता जाणकार वाचकांनी जरा दम धरावा, इतरांना सांगते. ज्वारी, गहू, तूर उपणताना जड ते खाली पडतं, हलकं ते उडतं. जड ते धान्य, हलकं ते भूस. सगळ्या धान्यांची ही रीत. गवताचं नेमकं उलट. मारवेलीचं बी म्हणजे केसाळ, हलकी, भुसासारखी दिसणारी फोलकटंच. त्यांच्याच पोटात दाणा असतो. सुपात जड म्हणून मागं राहतं ते रेती आणि तणाचं बी.

"बाई," मी विचारलं, "उडालं ते कुठंय?"

"कुठलं?"

"ते केसाळ. हलकं."

"भूस? उडवून दिलं की. वारं चांगलं होतं, एक कण राहू दिला नाही."

मी गप्प बसायला हवं होतं, पण तसं मला येत नाही. मी म्हणाले, "बाई, ते भूस नव्हतं. तेच बी होतं."

त्या बसल्या. मग झाकण घट्ट लावलं, जणू आतलं आणखी उडून जाईल, आणि बरणी टेबलावर तशीच सोडून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी हेडबाई आल्या नाहीत. त्यापुढच्याही नाही. तात्यांनी मला बोलून घेतलं. "तोंडात साखर ठिव जरा. आमीबी हुतो की तितं. 'व्वा बाई, काय हात हाय तुमचा' म्हणत पिशव्या दिल्या आमी. खरं तर आमच्या तिघांवर चार्जशीट पायजे." नरसय्यामामांनी तर बरणीतलं ते काळं बी घरी नेऊन कुंडीत टाकलं होतं. माणसाची आशा किती चिवट असते पाहा. आठवड्यात तरारून वर आलं. तांदुळजा! पालेभाजी! मामींनी लसूण घालून परतली.

ती भाजी डब्यात घेऊन आम्ही तिघं हेडबाईंच्या सोसायटीत गेलो. मी एकटी वर गेले. त्या गॅलरीत बसल्या होत्या, सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं.

"शाळेत शुद्धलेखन चुकलं की मी मुलांना तोच शब्द दहा वेळा लिहायला लावायची," त्या म्हणाल्या. "हा शब्द कसा लिहू पुन्हा? गवत संपलं. आणि तो माणूस तिकडं चालतोय, गं."

समजूत घालणं मला जमत नाही. मी म्हणाले, "चूक तुमचीच आहे. मोठी आहे. पण ओळी अर्ध्याच झाल्यात, तात्यांना दगड द्यायला माणूस कमी पडतोय, आणि हा डबा मामींनी दिलाय."

"कशाचा?"

"तुम्ही निवडलेल्या बियांचा."

त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला. हसू की रडू अशा चेहऱ्यानं माझ्याकडं बघितलं. एवढ्यात खालून तात्यांची शिट्टी वाजली आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा मामांचा आवाज आला, "बाई! मीठ कमी हाय म्हणून सांगू नका, आमची ही रागावते!"

हेडबाई उठल्या, पायात चपला घातल्या.

उन्हाळाभर आम्ही फक्त दगड रचले. बी नाही, मग निदान माती तरी धरू. तळपत्या उन्हात त्या काळ्या माळावर चार माणसं ओळीनं वाकलेली पाहून रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवायचे. गावातला एकजण पोराच्या वाढदिवसाचा गुलमोहर घेऊन आला आणि हट्टच धरून बसला. हेडबाईंनी त्याला तो पोराच्या शाळेच्या अंगणात लावायला पाठवलं आणि पाणी कोण घालणार ते पोराकडून वदवून घेतलं. वैशाखात वावटळी उठायच्या. राख, धूळ, काड्या, सगळं भिरभिरत उतारावरून यायचं आणि आमच्या ओळींना अडून पडायचं. तात्या त्याला कचरा म्हणायचे. झाडून काढू म्हणाले, तर हेडबाईंनी मना केलं. "राहू दे. झाडलोट केल्याचं फळ मी बघितलंय."

मग पाऊस. खालच्या अंगाला थोडी मुळं जिवंत होती, तिथं पोपटी फुटवा आला. वरचा उतार मात्र आषाढ सरेपर्यंत तसाच. बोडका. मी रोज हिशेब मांडायची की सरपंचांसमोर काय बोलायचं, आणि दरवेळी बिराप्पाची काठी आठवून सगळे मुद्दे विसरायची. कुंपणाचे खांब गावात येऊन पडले होते. त्यांच्यावर पोरं खेळत होती.

श्रावणातल्या एका उघडिपीला आम्ही माळ चढत होतो. नरसय्यामामा पुढं. अचानक थांबले आणि इतक्या जोरात ओरडले की एक टिटवी उडाली.

"अम्मा! ए अम्मा! चादर बघ, चादर!"

मला कळेना. मग त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि दिसलं. वरच्या उतारावर तपकिरी मातीत हिरव्या पट्ट्या पडल्या होत्या. एकीखाली एक, सरळ, आडव्या. सोलापुरी चादरीच्या पट्ट्या असतात तशा. आमच्या दगडांच्या ओळी हिरव्या झाल्या होत्या. प्रत्येक ओळीच्या वरच्या बाजूनं, जिथं कचरा अडला होता तिथं, कोवळं, निळसर झाक असलेलं गवत बोटभर उभं. मी गुडघ्यावर बसले. मारवेल. पेरावर केसांची बारीक लव. मारवेलच.

पट्ट्या सगळ्या सारख्या लांबीच्या नव्हत्या. वरची आखूड, खालची तिच्याहून लांब, त्याखालची आणखी लांब. सुपाचा आकारच म्हणा. अरुंद टोक वर, त्या सपाट खडकाशी.

हेडबाई पदर खोचून निघाल्या. चिखलातून पाय सांभाळत वर गेल्या, खडकावर चढल्या, त्या दिवशी उभ्या होत्या तशा उभ्या राहिल्या. दोन्ही हात डोक्यावर नेले, रिकामेच, आणि हळूहळू तिरके केले. मग हात गेले त्या बाजूला बघितलं.

तात्यांनी टोपी काढली. "वाऱ्यानं पेरलं की हो," एवढंच म्हणाले. मामा पहिल्यांदाच हळू आवाजात तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मला तेलुगू येत नाही. विचारलंही नाही.

दिवाळीच्या तोंडावर ग्रामसभा माळावरच भरली. गवत कमरेला लागलं होतं, पण सगळीकडं नाही. मधला पट्टा अजून उघडा होता. मी खोटं बोलले नाही. "अर्धा आलाय," म्हणाले, "उरलेल्याला अजून वेळ लागेल." सरपंच ओळींमधून फिरले. म्हणाले, "अर्ध्याचा ठराव झाला नव्हता, मॅडम." त्यांचंही खरं होतं. खांब घेऊन ट्रॅक्टर खाली उभाच होता.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. बिराप्पा. पहाटेपासून चालून आला होता, आधीपेक्षा जास्त लंगडत. कळप त्यानं खाली रस्त्यावरच थोपवला, यल्लव्वाला तिथं उभी केली आणि एकटा वर आला. एका ओळीशी बसला, एक काडी उपटली, चावली, थुंकली, पुन्हा एक चावली. आम्ही चौघं त्या माणसाच्या जबड्याकडं बघत होतो. बोर्डाच्या निकालाचीसुद्धा मी एवढी वाट पाहिली नव्हती.

"मारवेल हाय," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या वक्ताला हुती हितं. कुनी पेरलं हे?"

सगळ्यांनी हेडबाईंकडं बघितलं. त्या पुढं झाल्या. ताठ. शाळेत कुणी फळ्यावर नाव लिहिलंय असं विचारल्यावर उठून उभ्या राहणाऱ्या प्रामाणिक मुलीसारख्या.

"पेरलं नाही, बिराप्पा. मी फेकलं. भूस समजून."

मग बिराप्पा हसायला लागला. आधी खांदे हलले, मग काठी, मग सगळा माणूस. सरपंच हसले, सभा हसली, ट्रॅक्टरवाला कारण न कळता हसला. डोळे पुसत बिराप्पा सरपंचांना म्हणाला, "लिव्हा. वरच्या अंगाला अजून एक साल मेंढरू जायचं न्हाय. बी पडू दे आधी. खालच्या अंगाला मी फिरवून फिरवून चारतो. माझं भागतंय तेवढ्यात."

ज्याच्यासाठी माळ मागत होतो त्यानंच माळ वर्षभर बंद करायला सांगितला, म्हटल्यावर सरपंचांनाही तारेचं कारण उरलं नाही. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हातानं खूण केली. खांब परत गेले. आता ते शाळेच्या मैदानाला लागलेत, आणि आत म्हणे एक गुलमोहर आहे.

यल्लव्वा वर आली. वाड्याच्या तोंडची काट्याची फांदी बाजूला ओढली. मग हेडबाईंनी पिशवीतून सूप काढलं. आठ महिने जपलेलं, स्वच्छ पुसलेलं, वर हळदी-कुंकवाचं बोट. "तुझी ठेव," म्हणाल्या.

यल्लव्वानं सूप हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि परत हेडबाईंच्या हातात दिलं.

"र्‍हाऊ द्या तुमच्यापाशीच, बाई. मधला माळ उघडा हाय की अजून."

हे लिहितेय तेव्हा मारवेल पिवळी पडायला लागलीय. येत्या रविवारपासून बी गोळा करायचंय. हुरड्याला येणाऱ्यांनो, आगटीत दोन घागरी पाणी ओता. चपलेनं माती लोटू नका. आणि माळावर खडकावर उभी राहून वाऱ्याकडं पाठ करून एक म्हातारी बाई सुपानं कचरा उडवताना दिसली, तर तिला थांबवू नका. ती पेरतेय.